भोगीच्या दिवशी विस्तव गारठला

राखेबुवा महाराज त्या वर्षी पौषात हिवरखडीला मुक्कामाला होते. गाव डोंगराच्या सावलीत, हिवाळ्यात तिथं ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. महाराजांना ना मठ, ना शिष्यांचा लवाजमा. ज्या घरी चूल पेटलेली दिसेल तिथं ते चुलीपुढं बसत, चतकोर ऊन भाकरी खात आणि उठत. जात न विचारता कुणाच्याही चुलीपुढं बसतात म्हणून चार मोठ्या घरांनी त्यांना दार लावलं होतं. हे सांगायला लोक लाजतात. मी सांगतो.

भोगीचा दिवस उजाडला. वांगी, गाजर, घेवडा, सोलाणे, बोरं असं सगळं एकत्र शिजवायचं, वर तिळाचं कूट घालायचं, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. एका भाजीच्या पोटात इतक्या भाज्या, म्हणून तिला म्हणतात लेकुरवाळी. हिवरखडीत घरटी एक वाटी भाजी मारुतीच्या पारावर येई, सगळ्या वाट्या एका पातेल्यात ओतल्या जात आणि नैवेद्य दाखवून गावची पोरं ती खात.

पण तिथल्या बायकांनी त्या नावाचा भलताच अर्थ धरून ठेवला होता. भाजी लेकुरवाळी, तर करणारीही लेकुरवाळीच पाहिजे! कुठल्या शास्त्रात लिहिलंय, ते कुणी विचारायचं नाही.

ठकूबाई बुरडीण टोपल्या विणून पोट भरी. एका थंडीत आठ दिवसांत तिची तीन लेकरं तापानं गेली, पुढं नवराही गेला. महाराजांवर तिची फार श्रद्धा. त्या सकाळी ती पदराखाली वाटी झाकून पारावर आली. पातेल्याजवळ मथुराबाई पाटलीण उभी होती.

"ही वाटी कुणाची गं?"

"माझी, पाटलीणबाई. महाराज म्हणाले, आण म्हणून."

"त्याला काय जातंय म्हणायला! ना बायको, ना पोर. ठके, स्वतःची तीन खाल्लीस, तरी पोट भरलं नाही व्हय? आता गावाची खातेस?"

बायका फिदीफिदी हसल्या. मथुराबाईनं वाटी हिसकली आणि मातीत उपडी केली. एक कुत्रं धावत आलं, भाजीजवळ थबकलं, आणि शेपूट पायांत घालून मागं सरलं.

महाराज पाराच्या कडेला बसले होते. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मथुराबाई, घरी जा. चुलीकडं बघा." आणि ठकूबाईच्या मागोमाग तिच्या खोपटात गेले.

मथुराबाई घरी आली. चूल चांगली ढणढण पेटली होती, पण लाकूड तडतडत नव्हतं. आधण तासभर चुलीवर होतं, त्याला वाफ नव्हती. तव्यावरची भाकरी ओलीच्या ओली. तिनं सवयीनं जाळ सारखा केला, तेव्हा ज्वाळ बोटांना लागली आणि ती किंचाळली. ज्वाळ विहिरीच्या पाण्यासारखी गार होती!

शेजारीही तेच. सगळ्या आळीत चुली पेटलेल्या आणि घरं गारठलेली. भरदुपारी डोंगरावरून धुकं उतरलं, गल्लीत शिरलं. मथुराबाईची धाकटी यमुनी, सात वर्षांची, गोधडीत कुडकुडत होती. हळूहळू तिचं कुडकुडणंही थांबलं. ओठ निळे पडले.

वैद्य म्हणाले, "पोटात काहीतरी ऊन जाऊ द्या. नाहीतर पोर हाती लागत नाही."

ऊन आणायचं कुठून? अख्ख्या गावात वाफ निघत होती ती एकाच खोपटातून.

सणाच्या दिवशी कुणी घरातला विस्तव दुसऱ्याला देत नाही, लक्ष्मी जाते म्हणतात. तरी मथुराबाई हातात गोवरी घेऊन ठकूबाईच्या दारात उभी राहिली. ठकूबाईनं गोवरीवर लालभडक निखारा ठेवला. तो घेऊन मथुराबाईनं उंबरा ओलांडला. निखारा तसाच लाल होता, पण हात लावला तर गारगोटी!

"महाराज, हे काय करताय?" ती रडत मागं फिरली.

महाराज म्हणाले, "मी काही करत नाही, बाई. विस्तव नेता येतो, ऊब नेता येत नाही. पोरीला इकडं आणा."

यमुनीला गोधडीसकट आणलं. खोपटात चार पत्रावळी मांडलेल्या होत्या. चारींवर भाजी-भाकरी, आणि चारींतून वाफ निघत होती.

"बाकीची तीन पानं कुणाची?" मथुराबाईनं दबकत विचारलं.

"जेवणाऱ्यांची," महाराज म्हणाले.

ठकूबाईनं यमुनीला मांडीवर घेतलं आणि भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून भरवला. एक घास, दुसरा घास. तिसऱ्याला पोरीनं डोळे उघडले. ती अंग चोरून बाजूला सरकली.

"काय झालं गं, सोन्या?" मथुराबाईनं विचारलं.

"ह्याला सांग ना नीट बसायला. ह्याचं कोपर लागतंय मला. लई गार हाय."

मथुराबाईनं वळून पाहिलं. शेजारी कुणीच नव्हतं.

यमुनी रिकाम्या जागेकडं बघून हसली. "तो म्हणतोय, आये, माझ्या पानातली बोरं आक्कीला देऊ नको."

ठकूबाईचा घास हातातच राहिला. "बोरांवरनं रोज मारामारी व्हायची त्यांची," ती पुटपुटली. मग तिनं रिकाम्या जागेकडं वळून दटावलं, "गप जेवा. सगळ्यांना हायेत."

भाकरी मोडल्याचा आवाज झाला. मथुराबाई बघत राहिली. कुणाचा हात दिसला नाही, पण पानांवरची भाकरी चतकोर झाली, मग संपली. भाजी संपली. शेवटी तिन्ही पानांवर फक्त बोरांच्या बिया उरल्या, चोखलेल्या, ओल्या.

यमुनीचे गाल लाल झाले होते. ती म्हणाली, "आई, मला अजून पायजे."

मथुराबाईनं महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला धाव घेतली. महाराजांनी पाय आखडून घेतले.

"मी फुकटचा जेवणारा, बाई. हिनं रांधलं, हिनं भरवलं. लेकुरवाळी ही, आणि तुम्ही भलत्याच्या पाया पडताय!"

मग गावच्या पाटलीणबाई बुरडिणीच्या सारवलेल्या जमिनीवर लोळण घेत तिच्या पायांशी आल्या. पायांवर कपाळ टेकून म्हणाल्या, "ठकूबाई, माझी जीभ झडो. तुझी वाटी मी माझ्या हातानं पारावर नेते. पातेल्यात आधी तीच पडंल."

ठकूबाईनं डोळे पुसले आणि परातीकडं हात नेला.

"न्या. पण आधी पाय सोडा, पाटलीणबाई. पोर मागतीय, आणि तव्यावरची करपतीय."