हिराजीची उष्टी हळद

मिठागरांच्या एका गावात मीठ ओढणारा एक भोळा गडी होता. नाव हिराजी. अंगात ताकद रेड्याची, आणि अक्कलही त्याच गोठ्यातली. सात स्थळांनी त्याला बघून लांबूनच हात जोडले होते. आठवी सुगंधा. ती दूरच्या गावची, तिथवर हिराजीची कीर्ती पोचली नव्हती, म्हणून सुपारी फुटली. निघताना सुगंधाच्या मामानं बजावलं, पोराचा एक जरी वेडेपणा दिसला तर लग्न मोडलं म्हणून समजा. त्या दिवसापासून हिराजीच्या आईच्या, चांगुणाबाईच्या, घशाखाली घास उतरेना.

लग्न तोंडावर आलं आणि हिराजीचं नाक सोलवटलं. पांढऱ्या मिठावरचं ऊन खालूनही भाजतं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी सनस्क्रीनची ट्यूब दिली. दुसऱ्या दिवशी हिराजी तक्रार घेऊन हजर. मलम चोरीला गेलं म्हणाला. नाकावर नीट लावलं होतं, अर्ध्या तासात गायब.

बाईंनी समजावलं, चोर कुणी नाही, त्यातलं थोडं तुझी कातडीच पिते.

हिराजीनं मान डोलावली. दुपारी आईनं ताक पाठवलं, ते त्यानं छातीवर ओतलं. माश्या जमल्या, तहान तशीच राहिली. आई म्हणाली, अरे बाबा, जे प्यायचं ते तोंडानं प्यावं.

हिराजीनं मान डोलावली. सकाळी उठून ट्यूब तोंडात पिळली. कातडी पिते म्हणजे मलम प्यायचंच की. ओकून ओकून बेजार झाला.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मलम वरूनच लावायचं, आणि घामानं उतरतं म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावायचं.

हिराजीनं मान डोलावली. त्या दिवशी सुगंधाचा मामा जेवायला आला. हिराजी पाया पडला. दोन तासांनी पुन्हा पडला. मामाचा डोळा लागला होता, तरी पडला. उकाडा होता, पहिला नमस्कार घामानं उतरला असणार. मामा खूश. असा नम्र जावई पंचक्रोशीत नाही म्हणाला. चांगुणाबाईनं देवापुढे साखर ठेवली.

हळदीच्या आदल्या दिवशी हिराजी पुन्हा बाईंकडे. त्याला एक चिंता लागली होती.

"कातडी रोज पिते, बाई. मग ते सगळं आत साठतं का?"

"नाही रे. रक्तात उतरतं, अंगभर फिरतं, आणि मग बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं."

हिराजीनं मान डोलावली, आणि निश्चिंत झाला.

हळद लागली, गाणी झाली, हिराजीची आंघोळ झाली. आई पाहुण्यांत गुंतली होती. जाता जाता ओरडून गेली, "तुझी उष्टी हळद तांब्यात घालून करवलीकडे दे. तीच सुगंधाला लावायची. दुसरी चालत नाही."

हिराजीनं अंग चाचपलं. हळद कुठंच नाही. पण तो घाबरला नाही. हळद कुठं गेली ते त्याला आता पक्कं ठाऊक होतं. तो चार तांबे पाणी प्याला, वाट बघत बसला, मग मागच्या दारी गेला. आला तो भरलेला तांब्या घेऊन. रंग पिवळाच होता. वर आंब्याची पानं खोचली आणि करवलीच्या हाती दिला.

सुगंधाच्या मांडवात सवाष्णी जमल्या. हळद फार पातळ आलीय, एक म्हणाली. मामानं दोन बोटं बुडवली, चोळली, नाकाशी नेली. मग फोन लावला.

"हिराजी, ही हळद कसली?"

"माझ्याच अंगातली आहे, मामा," हिराजी अभिमानानं म्हणाला. "कमी पडली का? थांबा, अजून दोन तांबे पाणी पितो."