सदतीस देशांची वही

माझी शाळा आठवीत सुटली. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि शब्दही साधेच सुचतात. त्याबद्दल आधीच माफी मागतो. घडलं ते मात्र जसंच्या तसं लिहितोय.

“...ते सगळं खरं. पण निघणार कधी?” सुमतिमुनी महाराजांनी विचारलं.

“सगळं जुळलं की,” मी म्हणालो.

“अजून काय जुळायचंय?”

मी वहीचं पुढचं पान उघडलं.

आमच्या गावावरून नगरचा रस्ता जातो. रस्त्याला लागून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं ताडपत्री शिवायचं दुकान आहे. हे बोलणं झालं त्या दुपारी एक तरुण जैन साधू अनवाणी दुकानात आले. पांढरी वस्त्रं, तोंडावर पांढरी पट्टी.

“सुई मिळेल का? सूर्य मावळायच्या आत परत करू.”

माझ्याकडे दाभणच जास्त. बारीक सुई शोधायला वेळ लागला. हे साधू रात्री साधी सुईसुद्धा जवळ ठेवत नाहीत, हे मला तेव्हाच कळलं.

त्यांचे गुरू सुमतिमुनी महाराज त्या दिवशी गावच्या शाळेत उतरले होते. गावातले जैन व्यापारी कटारिया शेठ सांगत होते, महाराज एक्कावन्न वर्षं पायी फिरताहेत. गाडीत कधी बसले नाहीत. पायात कधी चप्पल घातली नाही.

मी म्हटलं, सुई मीच घेऊन येतो.

सुईबरोबर वहीही घेतली. सहा वर्षं जगाच्या फेरीचा बेत लिहीत होतो ती. आजवर कोणाला दाखवली नव्हती. पण एवढा चाललेला माणूस ती बघून खूश होईल, असं वाटलं.

महाराज व्हरांड्यात बसून आपली चादर शिवत होते. टाका बारीक आणि सरळ. वय ऐंशीच्या आसपास असावं.

“सदतीस देश,” मी म्हणालो. “सायकलवर. चार वर्षं दोन महिने.”

“थंडी?”

“ऑक्टोबरनंतर जॉर्जियाच्या घाटांत बर्फ पडतो. मी सप्टेंबरातच तिथून बाहेर पडेन.”

“पाऊस?”

“चिलीच्या दक्षिणेला बारा महिने असतो. तिथे दोन रेनकोट.”

“आजारी पडलास तर?”

“पान एकशे चार.”

तरुण साधू हसले. “म्हणजे पान एकशे चारवर आजारी पडायचं?”

“तसं नाही. तिथे औषधांची यादी आहे.”

महाराजांनी दोरा ओढला. “तयारी चांगली आहे.”

मला फार बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की मीच उलट विचारलं, “उद्या तुम्ही कुठे जाणार, महाराज?”

“बघू.”

“म्हणजे ठरलेलं नाही?”

“उद्या अमुक गावी येतो, असा शब्द आम्ही कोणाला देत नाही. जिथे पाय लागायचे असतील तिथे लागतील.”

मला ते जरा ढिलं वाटलं. खरं सांगायचं तर मनात हसलोही. मोबाईल काढून हिशेब केला. पावसाळ्याचे चार महिने हे साधू एका गावी राहतात. उरले आठ. दिवसाला सरासरी आठ किलोमीटर धरले. गुणिले एक्कावन्न.

“महाराज, तुमच्या पृथ्वीभोवती अडीच फेऱ्या झाल्यात!”

“अडीच?”

“हो. बरोबर अडीच.”

महाराजांनी सुईवरून नजर वर केली.

“मग मी आत्ता पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असायला हवा.”

तरुण साधूंनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. मी मोबाईल खिशात टाकला.

कटारिया शेठ पुण्याला निघाले तरी आधी साधूंकडून मांगलिक ऐकतात. मांगलिक म्हणजे निघणाऱ्यासाठी म्हणायचा छोटा मंगलपाठ. मी जैन नाही. पण मलाही तो हवा होता. वहीत त्याला जागाही ठेवली होती, पहिल्या पानावर, अगदी वर.

“महाराज, मला मांगलिक ऐकवा.”

महाराजांनी सुई चादरीत टोचली. गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले. हात जोडले.

“ऊठ. निघालास?”

“आत्ता नाही, महाराज! पुढच्या मार्चमध्ये.”

महाराज खाली बसले. सुई पुन्हा हातात घेतली.

“निघताना ऐकायचं असतं ते.”

“पण मार्चमध्ये तुम्ही कुठे असाल...”

“तू कुठे असशील?”

“मस्कतला. दिवस पहिला.”

“त्याच्या आधीच्या दिवशी?”

“घरी.”

“ते पान दाखव.”

तसं पान नव्हतं. मी म्हणालो, “घर ते मुंबई काय, महाराज... सहा तासांचा रस्ता. पुढे विमान.”

“घरातून काय सांगून निघशील?”

मी वही मिटली.

“भावाला ठाऊक आहे?”

“...नाही.”

“मार्च लांब आहे. सांगशील तोवर.”

ते एवढं सहज म्हणाले की माझ्या तोंडून निघूनच गेलं.

“रविवारी माझी सुपारी फुटतेय. लग्न पक्कं होतंय.”

त्या दिवशी गुरुवार होता.

रस्त्यावरून एक कंटेनर गेला.

“मुलीचं नाव?”

“कावेरी. सांगवीची आहे.”

“तिच्याशी बोललास?”

“पाच मिनिटं. घरच्यांनी बसवलं होतं समोरासमोर.”

“काय बोललात?”

“तिने विचारलं, तुम्हाला काय आवडतं?”

“तू काय म्हणालास?”

“मी म्हणालो... काही नाही.”

महाराजांची सुई थांबली.

“चार वर्षं दोन महिने ती कुठे असेल?”

मी वही उघडली. खरंच पानं चाळायला लागलो. तुर्कस्तान, सर्बिया, मोरोक्को... दहा-बारा पानं गेल्यावर माझे हात थांबले.

“यात नाही, महाराज.”

त्यांनी पुढचा टाका घातला.

“मी नाही म्हणालो तर दादाची मान खाली जाईल. हो म्हणालो तर...” पुढचं मला सुचेना. “तुम्हीच सांगा. जाऊ की राहू?”

“जा म्हणणं आमचं काम नाही. राहा म्हणणंही नाही.”

“मग मी काय करू?”

महाराजांनी शेवटचा टाका घेतला, गाठ मारली, दोरा तोडला. सुई हातात न देता माझ्यासमोर फरशीवर ठेवली.

“दिवस मावळेल आता. ही तुझी.”

सुई उचलून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो तेव्हा दादा अंगणात चुलीवर पाणी तापवत होता. तोंडात कडुलिंबाची काडी होती. मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

दादाने काडी तोंडातून काढली.

“सहा वर्षं?”

“हो.”

“दुकानात टांगलेल्या त्या सायकलवर?”

“हो.”

“मला वाटलं, ती तू विकायला टांगलीस.”

“नाही.”

“येडा झालास का रे नवनाथ?” तो म्हणाला. मग चुलीत लाकूड सारलं. बराच वेळ सारतच राहिला. “रविवारी चाळीस माणसं जेवायला आहेत. आचाऱ्याला सांगून झालंय.”

“कावेरीला आधी सांगतो. मग ती म्हणेल तसं.”

“फोन मी करणार नाही. तिच्या बापासमोर माझं तोंड उघडायचं नाही.”

“मी जातो.”

“एकटा? सुपारीच्या आधी पोरीच्या दारात? लोक काय म्हणतील?”

“लोकांचं माहीत नाही, दादा. तिने एक विचारलं होतं. मी खोटं सांगून आलोय.”

दादाने काडी परत तोंडात धरली आणि माझ्याकडे पाठ केली. मग तसाच पाठमोरा म्हणाला, “मागच्या चाकात हवा कमी असेल. भरून घे.”

सायकल दुकानात छताला टांगलेली होती. धूळ बसू नये म्हणून मी तिला ताडपत्रीची खोळ शिवली होती. ती उसवली. हवा भरली. घेऊन चार वर्षं झाली होती, पण तिच्या टायरला मातीचा कण लागला नव्हता.

शाळेपाशी पोचलो तेव्हा उजाडलं होतं. तरुण साधूंच्या खांद्यावर झोळी होती. महाराजांनी आपली लाकडी पात्रं फडक्यात बांधली होती. ते पायरी उतरत होते.

“महाराज, मांगलिक ऐकवा.”

“निघालास?”

“हो.”

“कुठे?”

“सांगवीला. कावेरीला सांगायला.”

“किती लांब आहे?”

“अठरा किलोमीटर.”

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर सायकलकडे. वही शोधत असावेत असं मला वाटलं. ती मी घरीच ठेवली होती.

त्यांनी गाठोडं पायरीवर ठेवलं, हात जोडले, डोळे मिटले आणि मांगलिक म्हटलं. अठरा किलोमीटरसाठी सबंध म्हटलं, घाई केली नाही. भाषा मला कळली नाही. मी हँडल धरून उभा होतो.

संपल्यावर मी लांबूनच वाकून नमस्कार केला.

“मार्चमध्ये जगाच्या फेरीला निघणं झालंच, तर पुन्हा ऐकायला येईन, महाराज. तुम्ही जिथे असाल तिथे येईन.”

महाराजांनी गाठोडं उचललं. रस्त्याला लागले. माझ्याजवळून जाताना क्षणभर थांबले.

“आज निघालास ना? एका प्रवासाला मांगलिक एकदाच असतं.”