मावळतीला हात जोडणारी मथुरा

भाविकहो, निंबराज महाराज कातळसडे गावी मुक्कामाला होते, तेव्हाची ही हकीकत. गाव खाडीच्या मुखाशी वसलेले. समोर अथांग समुद्र आणि वाटेत पाण्याखाली दबा धरून बसलेले काळे खडक. महाराज देवळाच्या ओवरीत उतरले होते. त्यांच्या कीर्तनाला सारा गाव लोटत असे.

येत नसे ती फक्त मथुरा खारवीण. तिचा नवरा मासेमारीला गेला, तो परतलाच नव्हता. देवळात सांजआरतीची घंटा झाली की मथुरा कड्यावर जाई आणि मावळतीला हात जोडून मोठ्याने नाम घेई. विधवेने दिवेलागणीला घराबाहेर पडावे आणि बुडत्या सूर्याला नमस्कार करावा, हे गावाला अशुभ वाटे. विसाजीपंत खोतांना तर ते मुळीच खपत नसे. एके दिवशी त्यांनी तिला सर्वांदेखत सभामंडपासमोर उभे केले.

"देव इथे आहे. तू तिकडे कोणाला हात जोडतेस? बुडणाऱ्याला?"

लोक हसले. मथुरेने मान खाली घातली नाही.

"पंत, माझा माणूस गेला तेव्हा मी कड्यावर गेले होते ती देवाला शिव्या घालायला. तोंड उघडलं आणि समोर आभाळ असं फुललं, की पाणीसुद्धा केशरी झालं. मला संताप आला. म्हटलं, माझं घर विझवलंस आणि इथे सण मांडलास? पण नजर हलेना. शिवी द्यायला उघडलेल्या तोंडातून विठ्ठलाचं नाव आलं. ज्याने माझं नेलं, तोच पुढ्यात उभा होता. त्याला मी पाठ दाखवू?"

"उद्या कड्यावर दिसलीस, तर गावाचं विस्तव-पाणी तुला बंद!"

"करा बंद. मी जाणार."

खोत महाराजांकडे वळले. "आपणच समजवा हिला."

महाराज म्हणाले, "समजवण्याआधी मला ते पाहायला हवं. मथुरे, उद्या मलाही ने."

खोतांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी दुपारीच आभाळ भरून आले. खोतांची लेक द्वारका पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायला होडीने निघाली होती. वारा पिसाळला. सांज झाली तरी होडीचा पत्ता नाही. खोत अनवाणी किनाऱ्याकडे धावले. मशाली पेटवाव्यात, तर वारा टिकू देईना. अंधारात त्या खडकांतून होडी येणे शक्य नव्हते. खोतांनी वाळूतच बसकण मारली आणि लेकीच्या नावाने हंबरडा फोडला.

मथुरा कड्यावर उभी होती. शेजारी महाराज. खालून कोणीतरी ओरडले, "काळोख झाला की गं! कुठाय तुझा देव?"

"तो दिसतो म्हणून थोडीच येते मी!" मथुरा गरजली. मग पश्चिमेकडे वळून तिने हात पसरले. "ऐकतोस ना? माझा नेलास, मी गप्प बसले. ही पोर नेऊ देणार नाही! दाखव तिला वाट!"

महाराजांनी डोळे मिटले. "पांडुरंगा, लेकरू हक्काने भांडतंय. ओ दे."

आणि काय सांगावे! क्षितिजाशी ढगांची कड फाटली. सोन्याचा लोट पाण्यावरून धावत आला. लाटा लाल झाल्या, आभाळ जांभळे झाले आणि एकेका खडकाचे डोके उघडे पडले. दूरवर होडीचे शीड दिसले. सूर्य बुडाला, पण उजेड हलेना! मथुरा नाम घेत होती, होडी एकेक खडक चुकवत येत होती, आणि किनाऱ्यावरचा सारा गाव हात जोडून उभा होता.

होडी वाळूला लागली. द्वारका सुखरूप उतरली. तांडेल म्हणाला, "नजरेला उजेड होता आणि कानाला बाईचा आवाज. मी नुसतं सुकाणू धरलं."

खोत धापा टाकत कडा चढून आले आणि महाराजांच्या पायांशी वाकले. महाराज मागे सरले. "पंत, मी तर नुसता पाहायला आलो होतो."

खोत मथुरेकडे वळले. ते वाकणार, तोच तिने पाय मागे घेतले.

"माझ्या नको, पंत. तिकडे."

विसाजीपंत खोतांनी मावळतीकडे तोंड केले आणि ओल्या कातळावर कपाळ टेकले. ते उठले, तेव्हा कुठे तो उजेड हळूहळू मावळू लागला.