मंगळवारचं जाळं

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अन्सापा नावाचं कोळ्यांचं गाव आहे. फार वर्षांपूर्वी तिथले एबो क्वान्सा निवडून आले आणि राजधानीतल्या सभागृहात जाऊन बसले. आता तुम्ही म्हणाल, निवडून आलेल्या माणसाची कसली आलीय आख्यायिका? ऐका तर खरं.

एबो जन्मला कोळ्याच्या घरात, पण त्याला होडी लागायची. किनारा सुटला की पोटातलं सगळं बाहेर. गाव पोट धरून हसायचं. शेवटी बापाने त्याला किनाऱ्याच्या वाळूत, पुळणीवर बसवलं आणि हातात जाळं सांधायची लाकडी सुई दिली.

अन्सापात मंगळवारी समुद्राला विसावा असतो. त्या दिवशी कोणी होडी लोटत नाही. सगळे पुळणीवर जाळी पसरतात, फाटलेलं सांधतात आणि आठवड्याची भांडणंही तिथेच मिटवतात. एबोकडे दोघं भांडत आले की तो जाळ्याचं एकेक टोक त्यांच्या हातात द्यायचा. म्हणायचा, ताणून धरा, मग बोला. हात अडकले की आवाज आपसूक खाली यायचा. असं म्हणतात, त्याच्यासमोर मिटलं नाही असं भांडण त्या किनाऱ्यावर झालंच नाही. लोक त्याला पापा एबो म्हणू लागले आणि एक दिवस त्यांनी त्याला निवडून दिलं.

सभागृहात पापा एबो मागच्या बाकावर बसायचे. फार बोलायचे नाहीत, पण ज्याच्या मागे लागले त्याला सोडायचे नाहीत. गावाला रस्ता आला, दवाखाना आला, बर्फाचा कारखाना आला. मंगळवारी मात्र ते पुळणीवरच असायचे, मग राजधानी बुडाली तरी चालेल.

हेच हेरून काहींनी डाव टाकला. अन्सापाची सगळी पुळण मोठ्या बंदराला द्यायची आणि होड्या तिथून हटवायच्या, असं विधेयक त्यांनी आणलं. मतदान ठेवलं मंगळवारी.

बातमी आली तेव्हा गावाच्या तोंडचं पाणी पळालं. म्हातारे म्हणाले, दिवस मोडला तर समुद्र कोपेल. पापा एबो डोकं धरून बसले. जावं तर दिवस मोडतो, न जावं तर पुळण जाते. तेव्हा त्यांची मावशी आरबा पुढे झाली. मासळी विकणाऱ्या बायांची ती म्होरकी.

"मंगळवारी समुद्रात जायचं नाही, एबो. सभागृह काय समुद्रात आहे? जाळं घेऊन जा, आणि मंगळवारचं काम तिथे बसून कर."

पापा एबो गेले. बाकावर बसून त्यांनी जाळं उलगडलं आणि सुई चालवायला घेतली. सभापती संतापले. हा काय प्रकार आहे, असं त्यांनी विचारलं.

"आज मंगळवार," पापा एबो म्हणाले. "आमच्याकडे आज फाटलेलं सांधतात. जरा टोक धरता का कोणी?"

शेजाऱ्याने हसत धरलं. मग त्याच्या शेजाऱ्याने. असं म्हणतात, ते जाळं एका होडीचं होतं, पण सांधता सांधता वाढत गेलं आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचलं. सभागृहात खाऱ्या वाऱ्याचा वास आला. एकेक भोक सांधताना ते कुणाच्या जाळ्याला पडलं, त्या घरात खाणारी तोंडं किती, हे पापा एबो सांगत राहिले.

मतदानाची वेळ झाली. बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा, असं सभापतींनी सांगितलं. पण हातांत जाळं होतं.

"धरा हो," पापा एबो हळूच म्हणाले, "आत्ता सोडलंत तर गाठ सुटेल."

एकही हात वर गेला नाही. हात अडकले होते की जीव, ते ज्याचं त्याला ठाऊक.

इकडे सगळं गाव पुळणीवर वाट बघत बसलं होतं. असं म्हणतात, त्या दिवशी निरोप येईपर्यंत भरती आलीच नाही. आरबा मावशीने निरोप ऐकला, ती अंगावरच्या कापडाचं टोक डोळ्यांना लावून रडली, आणि मग कुठे पाणी वर चढलं.

पापा एबो गेले त्याला खूप काळ लोटला. पुळण अजून गावाचीच आहे. आजही अन्सापातून कोणी निवडून आलं की राजधानीला जाण्याआधी त्याला एका मंगळवारी पुळणीवर यावं लागतं. बाया त्याच्या हातात जाळ्याचं टोक देतात आणि गाऱ्हाणी सांगायला बसतात. हात अडकलेला तो बिचारा ऐकत राहतो. कधी सोडू, असं त्याने विचारलं की बाया म्हणतात, भरती आली की सोडा. पापा एबोंसाठी ती थांबली होती, तुमच्यासाठी थांबते का बघू.