शंख सांगेल ते खरं

तळ्यातल्या गोगलगायींना अजून नावं नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. नावं द्यायचं काम खेकड्याने अंगावर घेतलं. तो शंख नांगीत धरायचा, वेढे मोजायचा आणि आतल्या जिवाकडे ढुंकूनही न बघता नाव देऊन टाकायचा. टोकदार शंखाची ती टोकी, बोथट शंखाची ती बोथी. मग त्याचा शिपाई बेडूक टोकींना अलीकडच्या काठाला नेई आणि बोथींना पलीकडच्या.

एक म्हातारी गोगलगाय लेकीला घेऊन आली. लेक टोकी ठरली, आई बोथी.

"अहो पंडित, ही माझ्या पोटची पोर! ओढ्यातल्या दगडांवर घासून माझं टोक झिजलंय, एवढंच. आत आम्ही सारख्याच."

"आत बघत बसलो तर काम कधी उरकायचं? शंख सांगेल ते खरं."

मायलेकींची ताटातूट झाली.

पुढे खेकड्याला स्वतःचं कवच घट्ट होऊ लागलं. दगडाआड ते उतरवून तो मऊ, फिकट अंगाने बिळाकडे परतला. दारात बेडूक उभा.

"कोण रे तू?"

"अरे, मी खेकडा!"

बेडकाने दगडाआडचं रिकामं कवच दाखवलं. "खेकडा तर तो तिथे बसलाय. तू कोण?"

खेकड्याने आपल्या मऊ अंगाकडे पाहिलं. मग पुटपुटला, "मी... आतला."