मेण पांघरलेला पाहुणा

एका माणसाच्या फुप्फुसात एक ओलसर जंगल होते आणि त्या जंगलात एक खादाड बेडूक राहत असे. शिकलेली माणसे त्याला भक्षक पेशी म्हणतात. म्हणू देत बापडी! बाळांनो, ज्याच्या अंगाला सगळे तोंडच तोंड, त्याला आपण बेडूकच म्हणू. वाऱ्याबरोबर धूळ आली, गिळ. जंतू आला, गिळ. त्या रानाची एक रीत होती. जो जे गिळेल, त्याने त्याचा बारीकसा कण ओठावर ठेवून बसायचे. फिरत्या मुंग्या तो हुंगायच्या आणि शत्रूचा वास कळला की फौज घेऊन यायच्या.

एके दिवशी क्षयाचा एक किडा आला, अंगावर मेणाची जाड गोधडी पांघरून. बेडकाने गपकन गिळला. दिवस गेला, चार गेले, पण किडा आपला पोटात मांडी ठोकून बसलेला! वर म्हणतो कसा, "मामा, जागा ऐसपैस आहे हो. पण बाहेर बोलू नका. एवढं मोठं पोट आणि एक किडा जिरत नाही, हसतील सगळे." बेडकाला ते पटले. मुंगी दिसली की तो घाईने ओठ पुसू लागला.

"बेडूकदादा, आज कण नाही?"

"उपास आहे."

खादाडाला उपास! मुंगी खुदकन हसून पुढे गेली. ती गेल्यावर त्याला वाटे, हाक मारावी. पण एवढे मोठे तोंड, तेवढ्यापुरते उघडत नसे.

पोटात एकाचे दोन झाले, दोनाचे चार. त्यांचा चांगला गोतावळा जमला आणि ती सगळी गर्दी पोटात घेऊन बेडूक एकटा. पोट तटतटले तेव्हा तो घाबरला. आपण फुटलो तर हे रानभर पसरतील! त्याने सारा जीव लावून मेणाचा एक कपटा सुटा केला, ओठावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, उपास खोटा होता."

मुंगीने हुंगले. या वेळी ती हसली नाही. "तीन आठवडे, वेड्या? एकट्याने?"

फौज आली. मुंग्यांनी बळ दिले तसे बेडकाने बरेच किडे जिरवले. उरलेले मेणात गुरफटून झोपी गेले.

"हे आता निघायचे नाहीत," मुंगी म्हणाली.

"आणि मी?"

"तूही नाही रे."

मग झोपलेले किडे जागे होऊन बाहेर पडू नयेत म्हणून मुंग्या आणि दुसरे बेडूक खांद्याला खांदा लावून त्याच्याभोवती भिंतीसारखे उभे राहिले. रान वाचले. आत वारा येईना. बेडूक मधोमध बसून रोज विचारतो, "ताई, आहेस ना?"

"आहे," बाहेरून आवाज येतो.

तात्पर्य : लाजेपायी अडचण दडवू नये, हाक लवकर मारावी. उशिरा मारली तरी आपली माणसे धावून येतात. पण मग त्यांच्या हाती सोबत करण्याखेरीज फारसे काही उरत नाही.