मनोऱ्यावरून दिसलेली माणसं

मुंग्यांच्या हिशेबाने कैक पिढ्यांपूर्वीची गोष्ट. एका शहरात ढगाला टेकलेली इमारत होती आणि तिच्या दारातल्या पायरीच्या फटीत मुंग्यांचं वारूळ होतं. एकदा टिकली नावाची मुंगी कुणाच्या तरी खाऊच्या डब्यात शिरली आणि लिफ्टने थेट सर्वांत वरच्या गच्चीवर पोचली. कठड्याच्या काचेतून तिने खाली पाहिलं आणि पाहतच राहिली.

त्याच डब्यातून ती परतली ती तोऱ्यात. "उगाच भिंतीच्या कडेने वळसा घालतो आपण," ती म्हणाली. "मी या डोळ्यांनी पाहून आले. माणसं आपल्याएवढीच आहेत. सरळ दारातून चला."

वळसा कोणाला हवा होता? रांग लगेच दाराकडे वळली. म्हातारी चिमाआत्या तेवढी जागची हलली नाही.

"काय गं टिकले, वरून मी दिसले का तुला?"

"तू कशी दिसशील आत्या? अख्खी पायरीच दिसत नव्हती."

"आम्ही तर दिवसभर इथंच होतो," आत्या म्हणाली.

तेवढ्यात दारातून एका चपलेची सावली पुढे सरकली. कोणी काही सांगायच्या आत रांग भिंतीकडे पळाली. सगळ्यांत पुढे टिकली होती.